चिंचोक्याची गाडी

"आज इन्सब्रुक नको," हे म्हणाले आणि पुढे सरकवलेला चिंचोका त्यांनी परत ब्रेगेन्झवर आणून ठेवला. "घाट चढायचा तो सकाळी, ताज्या दमाने. आज तळ्याकाठीच मुक्काम."

"तळ्याकाठी खायचं काय? तो लाकडासारखा पाव?"

"शेगडी आहे, तू आहेस. पिठलं टाक की."

"टाकते. भांडी मात्र तुम्ही घासायची."

"मान्य," असं म्हणून त्यांनी ब्रेगेन्झजवळ एक पावटा ठेवला. पावटा म्हणजे मुक्काम, तुरीचा दाणा म्हणजे जेवणाची जागा आणि चिंचोका म्हणजे आमची गाडी.

ही गाडी त्या हिवाळ्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर धावत होती. टेबल गडहिंग्लजला, टेबलाच्या काचेखाली युरोपचा मोठा नकाशा, आणि दोन बाजूंना साठी उलटलेले आम्ही दोघं. खरी गाडी जर्मनीत मिळणार होती. आत झोपता येतं, शिजवता येतं, बसून चहा पिता येतो अशी कॅम्परव्हॅन. आमचा मुलगा रणधीर नोकरीसाठी फ्रायबुर्गला राहतो. ते गाव जर्मनीच्या अशा कोपऱ्यात आहे की फ्रान्स आणि स्वित्झर्लंड म्हणजे आपल्याला संकेश्वर आणि निपाणी. आपण जसे बाजाराला कर्नाटकात जाऊन येतो तसे तिकडचे लोक दुसऱ्या देशात भाजी आणायला जातात म्हणे. मे महिन्यात आम्ही तिथे पोचायचं, रणधीर आणि सूनबाई ऋतुजा रजा काढणार, आणि चौघांनी त्या गाडीतून निघायचं. आधी तळं, मग ऑस्ट्रियाचा घाट, मग उतरून इटलीतलं गार्डा, आणि येताना स्वित्झर्लंड. असा बेत होता.

मला त्या बेताचं एवढं वेड का लागलं होतं, ते साखर कारखान्यातल्या बायकांनाच कळेल. कारखान्यातल्या माणसाशी लग्न केलेल्या बाईला हिवाळ्यात नवरा नसतो. हे चीफ केमिस्ट होते. एकदा बॉयलर पेटला आणि गळीत हंगाम सुरू झाला की घरी यायचे ते आंघोळीला आणि झोपायला, तेसुद्धा अंगाला मळीचा वास घेऊन. संक्रांत मी एकटीने केली. मुलांच्या शाळेतली संमेलनं मी एकटीने पाहिली. सगळं जग थंडीत फिरायला जातं आणि आम्ही जायचो भर पावसात, छत्र्या सांभाळत, तेही फार तर आंबोलीपर्यंत. हे निवृत्त झाले आणि पहिल्यांदाच एक हिवाळा माझ्या वाट्याला आला. रोज संध्याकाळी हा माणूस माझ्यासमोर बसून विचारत होता, "बोल माले, आज कुठवर जायचं?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मला विचारून कुठे जायचं ठरवलंय असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत फार सुखी होते.

बेत निघाला दिवाळीत. फराळाचं ताट पुढे घेऊन बसले असताना हे म्हणाले, की रणधीर बोलावतोय, गाडी घेऊन हिंडू म्हणतोय. माझे कान लगेच टवकारले. कारण परदेश म्हणजे काय ते मला ठाऊक झालं होतं. आमची लेक शर्मिला इंग्लंडात. तिच्या दोन्ही बाळंतपणांना मी गेले होते आणि दोन्ही वेळा मिळून मी इंग्लंड पाहिलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोर कचऱ्याचे डबे आणि त्यापलीकडे बसथांबा. राणीचा राजवाडा राहिला, मला तिथल्या वॉशिंग मशीनचं गरगरणारं तोंड तेवढं पाठ झालं. परत आल्यावर कॉलनीच्या हळदीकुंकवात मी सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं होतं, की आता आणखी कुणाच्याही बाळंतपणाला मी समुद्र ओलांडायची नाही, रणधीरलाही तसं कळवलेलं बरं. बायका हसल्या होत्या. मीही हसले होते.

म्हणून मी ह्यांना विचारलंच, "एकाएकी हे काय? कुणाचं बाळंतपण तर नाही ना?"

"तुझं आपलं काहीतरीच," असं म्हणत ते उठले, आतून एक गुंडाळी घेऊन आले आणि माझ्यासमोर नकाशा उलगडला. मग मी चकलीचे हात पुसले आणि फ्रायबुर्ग शोधायला लागले.

त्यानंतर मी काय काय केलं नाही. म्हातारे नवरा-बायको गाडीतून हिंडतात असे व्हिडिओ बघून बघून मला त्या गाडीचा कोपरा न् कोपरा पाठ झाला. पाण्याची टाकी कुठे भरतात, सांडपाणी कुठे सोडतात, टेबल पाडून त्याची खाट कशी करतात, सगळं. भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, सगळ्याचे पुडे बांधले. रविवारी रणधीरचा व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा मी त्याला प्रश्न विचारून हैराण करायची. तो "हो आई, होईल आई" म्हणायचा. ऋतुजा मागे कधी दिसायची, कधी नाही. दिसली तर गळ्यापर्यंतच. एकदा मी म्हटलं, "ऋतुजा, चेहरा भरलाय गं तुझा, बरं दिसतंय." ती रणधीरकडे बघायला लागली आणि फोन मध्येच बंद पडला. तिकडचं इंटरनेटही आपल्यासारखंच दिसतंय, एवढंच मी म्हणाले.

मग डोक्यात आले पडदे. व्हिडिओतल्या एका बाईने गाडीच्या खिडक्यांना घरी शिवलेले पडदे लावले होते. मी रणधीरला विचारलं, आपल्या गाडीला पडदे आहेत का? तो घाईत होता. म्हणाला, "नाहीत बहुतेक, तू शिव." पुढच्या रविवारी त्याने खिडक्यांची मापंसुद्धा सांगितली.

माझ्या ट्रंकेत एक डाळिंबी इरकल होतं. पहिल्या संक्रांतीला आईने घेतलेलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. काठाजवळ कधीतरी खिळ्यात अडकून फाटलं होतं आणि हाताशी दुसरा दोरा नव्हता म्हणून मी हिरव्या दोऱ्याने रफू केलं होतं. नेसण्यात ते आता नव्हतं, पण टाकवतही नव्हतं. मनात आलं, आईचं लुगडं इटलीच्या तळ्यावर खिडकीला लागेल. माझी आई उभ्या जन्मात ज्योतिबाच्या पलीकडे गेली नव्हती.

ट्रंक उघडली तर इरकल नाही. कपाटं उपसली, माळा काढायला लावला. कुठेच नाही.

"भांडीवालीला दिलं असशील," हे म्हणाले.

"आईचं लुगडं मी भांड्यावर घालीन?"

"तुझ्या लक्षात नसेल, माले. हल्ली विसरतेस तू."

ते मला फार लागलं. कितीतरी दिवस मी स्वतःला चाचपत होते. आमच्या आत्याचं शेवटी शेवटी तसंच झालं होतं, स्वतःच्या मुलांची नावं विसरायची. मी गॅस बंद केला का ते पुन्हा पुन्हा जाऊन बघायला लागले. शेवटी बाजारातून पिवळं फुलाफुलांचं कापड आणलं आणि त्याचे पडदे शिवले, चांगले चुण्या घालून. हे मशीनजवळ बसून दोरा ओवून देत होते.

निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरहून अक्का आल्या. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी ह्यांच्या हातात तोंड शिवलेली एक कापडी पिशवी दिली आणि मला म्हणाल्या, "रणधीरला आवडतंय ते घातलंय. तिथं जाऊनच उघडा." वाटेत चिवडा सांडायला नको म्हणून तोंड शिवलं असेल, असं मला वाटलं. ह्यांनी ती आपल्याच बॅगेत तळाशी ठेवली.

फ्रायबुर्गला पोचलो. रणधीरने बॅगा वर चढवल्या, बेल वाजवली. दार ऋतुजाने उघडलं. आधी तिचं पोट दिसलं आणि मग ती दिसली. दिवस अगदी भरत आलेले.

मी उंबऱ्यातच खाली बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. कुठली गाडी आणि कुठलं तळं, सगळं डोक्यातून गेलं. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, कानशिलांवर बोटं मोडली, पोटाला हात लावू का म्हणून विचारलं. आतून एक लाथ बसली. मागे वळून ह्यांना म्हटलं, "अहो, बघा तरी."

ह्यांनी डोक्याला हात लावला होता. "पोरांनो, आम्हाला सांगायचं नाही होय रे?" असं म्हणाले आणि चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले.

मला वाटलं, पोरांनी गंमत म्हणून लपवलं, आम्हा दोघांना चकित करायला. जेवताना मीच म्हणाले, की गाडीचं काय, गाडी पुढच्या वर्षी. रणधीर लगेच म्हणाला, की तो सगळं रद्द करतो, मी काळजी करू नये. आत कुठेतरी खट्टू झाले, नाही असं नाही. पण नातवंडापुढे चार देशांची काय कथा. मी ऋतुजाला लटक्या रागाने विचारलं, की अगं, डोहाळजेवण तरी माझ्या हातचं करू द्यायचं होतंस. ऋतुजाची आई तिच्या लग्नानंतर वर्षभरातच गेलेली. माहेरचं असं तिला कुणी नव्हतं. ती मान खाली घालून भात कालवत राहिली. मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर कामावर गेला आणि मी बॅगा रिकाम्या करायला बसले. अक्कांची पिशवी हाताला लागली. कात्रीने टाके काढले. वर खरंच चिवडा होता. त्याखाली डिंक, हळीव, बाळंतशेपा, वेखंडाचं कांड, खारका, जायफळ. आणि सगळ्यांत खाली, घडी करून ठेवलेलं बाळाचं दुपटं.

डाळिंबी. लोण्यासारखं मऊ. बारीक धावदोऱ्याने शिवलेलं, अक्कांचा हात मी ओळखते. आपल्यात बाळाला पहिलं कापड जुनेराचं घालतात, घरातल्या बाईच्या अंगावर विरलेलं. तसंच त्यांनी केलं होतं. मी दुपटं उलटंपालटं करून पाहिलं. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचं रफू होतं.

मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ट्रंकेच्या किल्लीची जागा घरात दोघांनाच ठाऊक. माझ्याखेरीज ते लुगडं काढून कोल्हापूरला कोण पोचवणार? म्हणजे ट्रंक मी उपसत होते तेव्हा ह्यांना माहीत होतं. मी विसरभोळी झाले म्हणून घाबरले होते तेव्हा माहीत होतं. काल दारात डोळे पुसले तेव्हाही माहीतच होतं.

दुपटं घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. हे चहाला आधण ठेवत होते. निवृत्तीनंतर तेवढं शिकले होते. मी दुपटं ओट्यावर ठेवलं.

त्यांनी पाहिलं आणि चहाची पूड घालायचे थांबले.

"भांडीवाली फ्रायबुर्गला राहते वाटतं," मी म्हणाले.

"माले, ऐक—"

"कधीपासून ठाऊक होतं?"

आवाज ऐकून ऋतुजा दाराशी आली होती, भिंतीला हात टेकून. दुपटं पाहून तिलाही उमगलं असावं. ती हळूच म्हणाली, "आई, मला हे सगळं आवडत नव्हतं. पण तुम्ही नाही म्हणाला होतात ना, म्हणून मग..."

"मी कधी नाही म्हणाले?"

"दिवाळीत. बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना? तुम्ही सांगितलंत, शर्मिलाताईंचं केलं तेवढं पुरे, आता मी कुणाच्या बाळंतपणाला येणार नाही. मग बाबा म्हणाले, फिरायला म्हणून बोलवू, आल्यावर ती नाही म्हणायची नाही." ती दाराच्या चौकटीला टेकली. "मी खूप वेळा फोन हातात घेतला, आई. सारख्या उलट्या व्हायच्या, भीती वाटायची. पण ज्यांना यायचंच नाही त्यांना कसं सांगायचं?"

मी ह्यांच्याकडे वळले. कारखान्यात हजार माणसं ज्यांच्या शब्दावर चालत, ते साहेब गॅसच्या बटणाकडे बघत उभे होते.

"तुम्ही मला विचारलंत?"

"तू हळदीकुंकवात सगळ्यांसमोर म्हणाली होतीस."

"मी हळदीकुंकवात काय बोलले ते नाही विचारत. तुम्ही मला विचारलंत का, की पोरीला आई नाही, तिला दिवस गेलेत, येशील का?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. आणि एकदा तू नाही म्हणालीस की तुला वळवणं माझ्याच्याने होत नाही."

"म्हणाले असते नाही. दोन दिवस म्हणाले असते, तोंड फुगवलं असतं. तिसऱ्या दिवशी डिंक निवडायला बसले असते. एवढा संसार केलात माझ्याबरोबर, एवढंही ओळखलं नाहीत?"

चहा उतू गेला. कुणीच गॅस बंद केला नाही, शेवटी ऋतुजाने केला.

तोंडाने मी बोलत होते, पण आत नुसती आग होती. केसाने गळा कापला होता माझा, तोही गोड बोलत, रोज संध्याकाळी समोर बसून. नुसतं फसवलं असतं तर मी एकवेळ विसरले असते. पण ह्या माणसाने माझ्या तोंडून न निघालेला नकार त्या बिनआईच्या पोरीला नेऊन दिला होता. ती इतके महिने परक्या देशात ओकाऱ्या काढत बसली होती, सासूला आपण नको आहोत असं समजून. आणि सासू इकडे चिंचोका सरकवत होती. अक्कांना माहीत, शर्मिलाला माहीत. सगळ्या गोतावळ्याला माहीत होतं, एका आजीला सोडून.

"आणि तो नकाशा?" मी विचारलं.

"आधी तुझं मन रमावं म्हणून आणला होता."

"आधी?"

"मग मलाच खरं वाटायला लागलं, माले. दुपारपासून मी संध्याकाळची वाट बघायचो. आज कुठला रस्ता काढायचा, याचा विचार करत बसायचो. देवाशपथ."

"गाडी ठरवली होती?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"निदान कधी जाऊन बघून आला होता रणधीर? मापं सांगितली त्याने मला."

"अंदाजाने," ते म्हणाले.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं झालं होतं. नसलेल्या गाडीत बसून आम्ही भांडी कुणी घासायची ते ठरवत होतो. मी ऋतुजाचा हात धरला, तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, या महिन्यांत तिला काय काय खावंसं वाटलं. ती म्हणाली, "खर्डा आणि भाकरी. तुम्ही लग्नानंतर केली होती तशी." त्या दुपारी मी ती केली. मिरच्या तिकडच्या पुचाट होत्या, पीठही जुनं होतं, भाकऱ्या कडेला चिरल्या. तिला पाटावर बसवता येत नव्हतं म्हणून खुर्चीवर बसवलं, केसांत कुंडीतलं एक फूल माळलं, ओटी भरली. आमच्या दोघींचं डोहाळजेवण झालं. हे बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांना मी ताट नेऊन दिलं, पण आत बोलावलं नाही.

मुलगी झाली. गोरी, नाकाने अक्कांवर गेलेली. मी सगळं केलं, काहीही कमी ठेवलं नाही. ऋतुजाला लाडू, शेपेचं पाणी, शेक. बाळाला तेल, पायावर न्हाऊ घालणं, धुरी. धुरीने तिथली धुराची घंटा वाजली आणि खालची म्हातारी धावत वर आली, तेही झालं. बाळाला गुंडाळायचं ते त्याच दुपट्यात. कापडाचा काय दोष?

ह्यांच्याशी अबोला धरला नव्हता. दार लावा, बादली द्या, एवढं बोलत होतो. ते मात्र न सांगता कामं करायचे. दुपटी धुवायचे, वाळत घालायचे, बाळ रडलं तर माझ्याआधी उठायचे. रणधीरने दोनदा पाय धरले. त्याला मी माफ केलं. मुलगा आहे, बापाने सांगितलं ते त्याला खरं वाटलं. हे माझ्यासमोर येऊन कधी काही म्हणाले नाहीत. बहुधा काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं.

सव्वा महिना झाला. बाळाला पहिल्यांदा देवाच्या तसबिरीपुढे ठेवून झालं, आणि खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. रणधीरने मला बाल्कनीत बोलावलं. खाली एक पांढरी गाडी उभी होती, उंच, लांब, बाजूला सरकतं दार. दाराशी हे उभे. नवी टोपी घातलेली, हातात माझे पिवळे पडदे.

"आई, तुम्ही दोघं जाऊन या," ऋतुजा मागून म्हणाली. "मी बाळाचं करीन आता. रणधीर गाडी चालवेल. बाबांनी सगळं ठरवलंय, तुमचाच रस्ता आहे."

मी खाली उतरले. गाडीत चढले. सगळं जसंच्या तसं होतं. दोन बर्नरची शेगडी, बेसिन, पाडलं की खाट होणारं टेबल. हे माझ्या मागोमाग चढले. त्यांनी खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. चिंचोका. गडहिंग्लजहून आणला होता त्यांनी, माझ्या नकळत.

"चल, माले," ते म्हणाले. "आज तळ्याकाठी मुक्काम. पिठलं मी करतो आणि भांडीपण मीच घासतो."

मी पडदे लावावेत म्हणून त्यांच्या हातातून घेतले आणि खिडकीजवळ गेले. पडदे खिडकीपेक्षा हातभर लांब होते. ते अडकवायला जागा कुठे आहे ते बघताना वरच्या पट्टीला बोट लागलं, तर आतून एक घडीचा पडदा सरसर खाली आला आणि खिडकी नीट बंद झाली. दुसऱ्या खिडकीलाही तसाच होता. तिसऱ्या खिडकीलाही. गाडीला तिचे पडदे होतेच. सगळा हिवाळा आम्ही त्या गाडीबद्दल बोललो, आणि मी मनाने पाहिली तेवढी सोडली तर ती गाडी कुणीच एकदाही पाहिली नव्हती.

मी पिवळे पडदे घडी करून टेबलावर ठेवले.

"या गाडीतून मी जाऊन आले आहे," मी म्हणाले. "तळं पाहिलं, घाट चढले, गार्डालासुद्धा जाऊन आले. बरोबर माझा नवरा होता आणि मला त्याच्यावर फार विश्वास होता. आता तोच रस्ता मला दुसऱ्या कुणाबरोबर नको."

"माले, मीच तो."

"मलाही तसंच वाटत होतं."

ते टेबलाशी टेकून उभे राहिले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. मी खाली उतरले. वर बाळाचं पाणी निवत असणार होतं. जिना चढताना गाडीचं दार सरकल्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने रणधीर ती परत करायला घेऊन गेला.

याला आता खूप वर्षं झाली. नात मराठी बोलते, थोडं अडखळत, आणि ते दुपटं अजून तिच्या उशीखाली असतं. आम्ही दोघं गडहिंग्लजलाच आहोत. भांडण नाही, तंटा नाही. हिवाळ्यात ह्यांना खोकला होतो तेव्हा काढा मीच करते. टेबलाच्या काचेखाली नकाशा आहे, थोडा पिवळा पडलाय. कधीतरी संध्याकाळी जेवणं झाली की हे चिंचोका बोटाने पुढे सरकवतात, तळ्याच्या काठाने ब्रेगेन्झपर्यंत, आणि मान वर करून माझ्याकडे बघतात.

मी ताटं उचलते, टेबल पुसते, आणि चिंचोका परत फ्रायबुर्गवर ठेवते.